कोजागिरीच्या जेवणावरून ग्रुपवर

काका ए-१०२: कालच्या कोजागिरीला एक गोष्ट खटकली. नाव घेत नाही. काही मुलं मचमच आवाज करत, तोंड उघडं ठेवून खातात. भेळ निम्मी अंगावर. घरी जरा वळण लावावं 🙏

अर्णवची आई बी-५०३: काका, नाव घेतलं नाहीत तरी सगळ्यांना कळलंय. अर्णवचे वरचे दात पुढे आहेत. नुसते ओठ मिटायचे तरी हनुवटी आवळावी लागते त्याला. वरचे-खालचे पुढचे दात टेकतच नाहीत, म्हणून वडापावचा घास तुटत नाही. मग बाजूच्या दातांनी ओढून तोडतो आणि चटणी गालभर. मुलं 'ससा' म्हणतात. काल अर्धी भेळ त्याने जिन्यात बसून खाल्ली.

काका ए-१०२: अगं, तसं नव्हतं म्हणायचं. पण सवयीने जमतं. आम्हाला एक टपली पुरायची.

डॉ. स्नेहा सी-२०१: टपलीने ओठ लांब होत नाहीत काका 😀
मानसी, रात्री घोरतो का गं? तोंड उघडं ठेवून झोपतो?

अर्णवची आई बी-५०३: दोन्ही. मेट्रोच्या कामाची धूळ म्हणून सोडून दिलं. आणि पाच वर्षांचा होईपर्यंत अंगठा चोखायचा. आता आठवं चालू आहे.

डॉ. स्नेहा सी-२०१: मग आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. अ‍ॅडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढल्या असतील तर नाकाने पुरेसा श्वास येत नाही. घास चावताना तोंड मिटलं तर मूल श्वास घेणार कुठून? म्हणून एक तर उघड्या तोंडाने चावतं, नाहीतर न चावता गिळतं. चार वर्षांनंतरही अंगठा सुटला नाही तर दात पुढे ढकलले जाऊ शकतात, तेही आहेच.
सातव्या वर्षाच्या आसपास ऑर्थोडोंटिस्टने, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने, एकदा बघावं. लगेच तारा लावतात असं नाही, बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात.
तोवर सफरचंदाच्या पातळ फोडी दे, कणसाचे दाणे काढून दे, घास लहान आणि थेट दाढांकडे. हातरुमाल जवळ असू दे, पण दर घासाला टोकू नकोस.

रियाचे बाबा ए-३०४: मॅडम, रियाचेही पुढे आहेत. खेळताना काही जपायचं?

डॉ. स्नेहा सी-२०१: हो, मूल पडलं की असे दात पहिले मार खातात. पक्का दात मुळासकट निघाला तर मूळ घासायचं नाही. दुधात ठेवून शक्य तितक्या लवकर, तासाभराच्या आतच दवाखान्यात.

अर्णवची आई बी-५०३: खर्चाचं काय? बाहेर ऐकलेले आकडे झेपणारे नाहीत.

डॉ. स्नेहा सी-२०१: सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे. मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलचं. गर्दी धरून चाल, सकाळीच जा.

रियाचे बाबा ए-३०४: वहिनी, मी मंगळवारी रियाला सीएसएमटीला नेतोय. येता का?

अर्णवची आई बी-५०३: येते. फास्ट पकडायची का?

रियाचे बाबा ए-३०४: मुलं आहेत बरोबर. स्लोच बरी.

काका ए-१०२: सकाळी गेटवर रिक्षा मिळत नाही. स्टेशनपर्यंत मी सोडतो.