मिरवणूक, हंडी, विसर्जन: नेमकं काय बिघडतं? (अनुभव धागा)

'आवाज कमी करा', 'काळजी घ्या' हे सगळेच सांगतात. किती कमी, कुठली काळजी, हे कुणी सांगत नाही. या कामातल्या लोकांनी आपापल्या विषयातलं आकड्यांसकट लिहावं अशी विनंती. आपल्याबरोबर काय घडलं यापेक्षा काय करायचं ते हवं आहे. यंदाच्या बैठकीत मंडळाच्या कार्यकर्त्यांना वाचून दाखवता येईल असं.

ध्वनियंत्रणा लावणारा

आधी कायदा. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र, तिथे 50 आणि 40. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण ती सूट वेळेची आहे. 'आज परवानगी आहे' म्हणून कितीही वाजवावं असा तिचा अर्थ होत नाही, आणि बहुतेक मंडळं हीच चूक करतात.

आता भौतिकशास्त्र. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. डीजेच्या स्पीकरच्या भिंतीपासून 4 मीटरवर 110 असेल तर 8 मीटरवर 104, 16 वर 98, 32 वर 92. याच हिशेबाने 55 वर यायला दोन किलोमीटरहून जास्त अंतर लागेल. पेठेतल्या गल्लीत तर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परततो, म्हणजे उतार याहून मंद. तेव्हा 'थोडा कमी करतो' याने काही होत नाही. बॉक्स किती आणायचे हे आधीच ठरवावं लागतं.

पोलीस 'दोन टॉप, दोन बेस' (टॉप म्हणजे वरच्या पट्टीचे, बेस म्हणजे खालच्या पट्टीचे स्पीकर) म्हणतात त्याला कारण आहे. शेजारी शेजारी रचलेले बेस एकमेकांना जोर देतात. संख्या आणि वीज दोन्ही दुप्पट झाली की खालच्या पट्टीत साधारण 6 डेसिबलची भर पडते. दोनाचे आठ केले की 12.

अजून एक, हे फारसं कुणी सांगत नाही. नियमातलं मोजमाप 'ए' भारांकनाचं आहे, म्हणजे कानाला कमी ऐकू येणाऱ्या खालच्या पट्टीला कमी वजन देणारं. त्यात 63 हर्ट्झचा आवाज 26 डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून मीटरवर आकडा बेताचा दिसतो आणि घरातल्या काचा मात्र थरथरतात. मोबाइलचं अ‍ॅप पुराव्याला चालत नाही. फोनचा माइक मोठ्या आवाजाला गुदमरतो आणि आकडा कमी दाखवतो.

मंडळाने ऑपरेटरशी करार करतानाच लिमिटरची (ठरलेल्या मर्यादेवर आवाज जाऊ न देणाऱ्या यंत्रणेची) पातळी लिहून घ्यावी आणि ती बदलायचा पासवर्ड मंडळाच्या माणसाकडे ठेवावा. गर्दीत कुणी 'वाढव रे' म्हणालं की हात फेडरवर, म्हणजे आवाज वाढवायच्या दांडीवर, जातोच. लिमिटर असेल तर तेवढ्याने फरक पडत नाही.

कान-नाक-घसा

वरच्या आकड्यांचा कानाशी संबंध असा. 85 डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं, 112 ला एक मिनिटसुद्धा नाही. ढोल-ताशा पथकातल्या मुलांनाही हे लागू आहे, आणि ते तर महिना-दीड महिना रोज सराव करतात.

कापसाच्या बोळ्याने जवळजवळ काही अडत नाही. फोमचे इअरप्लग घ्या. बोटांनी लाटून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून 20-30 सेकंद दाबून धरायचा. अर्धा बाहेर राहिला तर उपयोग नाही. लहान मुलांना कानावर बसणारे मफ.

मिरवणुकीनंतर कानात शीळ वाजत राहिली किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर 'सकाळपर्यंत बघू' करू नका. अचानक गेलेल्या श्रवणशक्तीवर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. कानात तेल तर अजिबात घालायचं नाही.

डोळ्यांचे डॉक्टर

लेझरबद्दल. आवाज अंतराने विरतो, लेझरचा झोत फारसा पसरत नाही, म्हणून लांब उभं राहणं हे संरक्षण नव्हे. अंधारात बाहुली सुमारे 7 मिमी उघडलेली असते. आत शिरलेला झोत डोळ्याचं भिंग पडद्यावर बारीक ठिपक्यात गोळा करतं आणि तिथली तीव्रता लाखभर पटीने वाढते. डोळा मिटायला पाव सेकंद लागतो. एक मिलिवॅटपर्यंतच्या लेझरला तेवढं पुरतं. 500 मिलिवॅटच्या वरचं यंत्र चौथ्या, सगळ्यात धोकादायक वर्गात मोडतं, आणि तिथे पाव सेकंद फार झाला. यंत्रातला झोत फिरवणारा आरसा फिरता असतो तोवर झोत डोळ्यावरून निसटतो. आरसा अडकला की झोत एका जागी थांबतो.

2023 च्या विसर्जनानंतर महाराष्ट्रात पडदा भाजलेले तरुण रुग्ण आले. दुखत नाही म्हणून लोक उशिरा येतात. पडद्याला वेदना नसते. घरी तपासायचं तर आलेखाचा कागद समोर धरून एकेक डोळा झाका. मध्ये डाग दिसला किंवा रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी ओसीटी (पडद्याचं स्कॅन) करून घ्या. दुकानातून आणलेल्या थेंबांनी पडदा बरा होत नाही.

मंडळांना सांगणं एवढंच की लेझर आणू नका. रंगीत एलईडी पुरेसे आहेत.

गोविंदा पथकाचा प्रशिक्षक

कायद्याचा प्रवास थोडक्यात: 2014 ला उच्च न्यायालयाने थरांची उंची जास्तीत जास्त 20 फूट आणि वय किमान 18 ठरवलं. 2017 ला उंचीची मर्यादा गेली आणि वय 14 झालं. 2022 पासून साहसी खेळाचा दर्जा. दर्जा मिळाला म्हणून जमीन मऊ होत नाही. तीस फुटांवरून पडलेलं शरीर ताशी 48 किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतं.

रचताना सगळ्यांचं लक्ष असतं, उतरताना नसतं. सलामी झाली की खालचे सैल होतात, तिथे थर कोसळतो. वरून खाली एकेक थर मोकळा होईपर्यंत सगळ्यात खालच्या थरातल्या माणसाने मान खालीच ठेवायची. वर बघितलं की खांद्याचा कोन बदलतो.

एक्क्याला, म्हणजे सगळ्यात वरच्या गोविंदाला, कमरेचा पट्टा बांधू नका. झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. मांड्या आणि छातीला धरणारा पूर्ण हार्नेस हवा. दोर हंडीच्या दोरापासून स्वतंत्र, कप्पीवरून, आणि ढील घेणारा माणूस फक्त तेवढंच काम करणारा. हेल्मेट हलकं, हनुवटीचा पट्टा आवळलेला. मोटरसायकलचं जड हेल्मेट खालच्याच्या डोक्यावर आपटतं. गाद्या खालच्या थराच्या बाहेर पसरा, त्या थराच्या पायांखाली नकोत, तोल जातो.

आयोजकांना दोन गोष्टी. थर लागत असताना पाण्याचा फवारा बंद आणि डीजे बंद. शिट्टी ऐकू आली नाही तर खालच्याला वरचं कळत नाही.

कुणी पडला तर उचलून पळू नका. डोकं-मान दोन्ही हातांनी आहे तशी धरा, श्वास बघा, 108 लावा. हलवावंच लागलं तर चौघांनी मिळून अख्खं शरीर एका रेषेत वळवायचं.

वीजतंत्री

रथाची उंची कळसासकट आणि वर उभ्या माणसासकट मोजा. रस्ता ओलांडणारी 11 हजार व्होल्टची तार नियमाने किमान 6.1 मीटरवर हवी. पण डांबराचे थर चढून रस्ता उंच होतो आणि उन्हाने तारेला झोळ पडतो, म्हणून कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. मार्ग ठरला की महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी द्या. लाइनमन बरोबर फिरून बघतो, लागेल तिथे पुरवठा बंद ठेवतात. बांबूने तार उचलणं पूर्ण बंद. ओला बांबू वीज वाहतो, आणि एवढ्या दाबाला तर स्पर्शसुद्धा लागत नाही. चकाकणाऱ्या पन्नीचे ब्लास्टही तारांखाली उडवू नका, शॉर्ट होतो.

रथ तारेला लागलाच तर वरच्यांनी वरच थांबायचं आणि बाकीच्यांनी दहा मीटर लांब राहायचं. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून उडी. एक हात गाडीला आणि पाय जमिनीवर असं कधीच नाही. मग पाय जुळवूनच टुणटुण उड्या मारत दूर.

मंडपात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा, तीनतारी केबल वापरा, आणि पावसात जोडाला नुसती टेप गुंडाळू नका.

चौपाटीवरचा जीवरक्षक

एवढंच: गिरगाव चौपाटीवर 2013 च्या विसर्जनात पाकटांनी, म्हणजे स्टिंग रेंनी, अनेकांना दंश केला होता. पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत चाला, म्हणजे पाकट बाजूला सरकतं. दंश झाला तर पाय सोसवेल इतक्या गरम, 45 अंशांच्या आसपासच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटं. तो माणूस वेदनेत असतो, म्हणून पाण्याची उष्णता दुसऱ्याने आधी स्वतःच्या हाताने तपासायची. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर काढू नका, तसंच रुग्णालयात न्या.