मुलांच्या वाफ्यांचा माती-रिपोर्ट: ३१० पीपीएम, शनिवारचं काय?

प्रेषक: बालविभाग

मंडळी, हॉलमागच्या मातीचा रिपोर्ट आला. शिसं ३१० पीपीएम, म्हणजे मातीच्या दहा लाख भागांत ३१० भाग. शनिवारी मुलं रोपं लावायला येणार, वाफ्यांची लाकडं येऊन पडलीत. करायचं की पुढे ढकलायचं? पालकांना आज रात्री कळवायचंय.

प्रेषक: सभागृह समिती

मुलांच्या खेळायच्या जागेला ४०० पर्यंत चालतं. आपण आत आहोत. कुंपणाचं झालं तसं हेही महिनोन्‌महिने लांबवू नका.

प्रेषक: बाग समिती

४०० हा जुना आकडा. ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) जानेवारी २०२४ मध्ये घराच्या अंगणातल्या मातीसाठी तो २०० वर आणला आणि २०२५ च्या सुधारणेतही २०० च ठेवला. कॅलिफोर्नियात तर ८० धरतात. तेव्हा आपण आत नाही.

पण मला आकड्याआधी नमुन्याबद्दल विचारायचंय. माती कुठून आणि किती खोलवरून घेतली? सगळी एकाच बादलीत कालवली का?

प्रेषक: बालविभाग

हो, एकाच बादलीत. थोडी भिंतीलगतची, थोडी मधली, थोडी रस्त्याकडची. सहा इंच खोल, भाजी लावायची म्हणून.

प्रेषक: बाग समिती

मग ३१० हा आपल्या कुठल्याच कोपऱ्याचा आकडा नाही. भिंतीलगत १००० आणि बाकी जागी ८० असेल, आणि चारातला एक वाटा भिंतीचा पडला असेल, तरी सरासरी बरोबर ३१० च येते. इमारत १९७८ च्या आधीची, म्हणजे घरांच्या रंगात शिसं चालायचं तेव्हाची आहे. जुन्या रंगाचे पोपडे पागोळ्यांच्या रेषेत साचतात. रस्त्याकडेला शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातलं शिसं असतं. शिसं कुजत नाही, पाण्याबरोबर फारसं खालीही जात नाही. ते वरच्या थरातच बसून राहतं. म्हणून सहा इंच खणून घेतलेल्या नमुन्यात वरचा वाईट थर खालच्या बऱ्या मातीत मिसळून आकडा कमी दिसतो. मुलांच्या हाताला लागतो तो नेमका वरचा इंच.

नमुने पुन्हा घ्या. भिंत, मध्य, रस्ता असे तीन वेगळे. मुलं बसतात-खेळतात तिथे वरचा एक इंच, वाफ्यांच्या जागी सहा इंच. प्रत्येक पट्ट्यातून पाच ते दहा ठिकाणची माती प्लास्टिकच्या स्वच्छ बादलीत मिसळायची, खडे-मुळं काढायची, कागदावर सावलीत वाळवायची. घरातल्या ओव्हनमध्ये नको. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘टोटल लेड’ (एकूण शिसं) लिहा. खतांसाठीच्या साध्या तपासणीत सौम्य द्रावणाने निघेल तेवढंच शिसं मोजतात, तो आकडा या मर्यादांशी ताडून पाहता येत नाही.

प्रेषक: एक सभासद

एवढं कशाला? सूर्यफुलं लावा, शिसं ओढून घेतात. भरपूर कंपोस्टही घाला.

प्रेषक: बाग समिती

सूर्यफुलं जे ओढतात ते नगण्य. माती त्याने स्वच्छ होत नाही. कंपोस्टचा उपयोग आहे: शिसं घट्ट धरून ठेवलं जातं आणि मातीतलं त्याचं प्रमाण थोडं कमी होतं. पीएच ६.५ ते ७ ठेवला तर आणखी बरं. पण शिसं जात नाही. भाजीत म्हणाल तर टोमॅटोसारख्या फळभाज्यांत सगळ्यात कमी येतं. पालेभाज्या आणि कंद यांना मात्र धूळ चिकटते, म्हणून ते या जमिनीत नकोच.

प्रेषक: आरोग्य उपसमिती

भाजीवर चर्चा चाललीय, पण मोठा धोका हात-तोंडाचा आहे. पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्यांचं शरीर साधारण दहावा भाग शोषतं, लहान मुलांचं निम्म्यापर्यंत. उपाशी पोटी किंवा लोह-कॅल्शियम कमी असताना आणखी जास्त. रक्तात सीडीसीची (अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था) संदर्भपातळी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम आहे, २०२१ पासून. ती ‘सुरक्षित’ म्हणून ठरवलेली नाही, सुरक्षित पातळी अशी माहीतच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या पालकांनी डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारावं. बोट टोचून आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करून घ्यावी, कारण बोटावरची धूळही नमुन्यात येते. शनिवारी हात साबण-पाण्याने धुवायची सोय हवी. सॅनिटायझरने शिसं निघत नाही.

प्रेषक: सभागृह समिती

नळ सभागृहाच्या ताब्यात आहे, आधी मेल टाकायची असते. बरं, देतो. पण लाकडं परत करायची का?

प्रेषक: बाग समिती

लाकडं नवी, रसायन न लावलेली असतील तर ठेवा. जुन्या डेकची (घराबाहेरच्या लाकडी ओट्याची) असतील तर नकोत. २००३ संपेपर्यंत त्या लाकडात आर्सेनिक असे. रेल्वेचे स्लीपरही नकोत.

शनिवारी खणायचं अजिबात नाही, धूळ तिथूनच उडते. माती ओलसर करून, भिंतीपासून शक्य तितकं दूर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं जाड कापड) अंथरायचं, सांधे फूटभर एकमेकांवर. वाफा वर ठेवून बारा इंच विकतची माती भरायची. चार बाय आठच्या एका वाफ्याला ३२ घनफूट, म्हणजे जवळजवळ १.२ घनयार्ड लागते. ऑर्डर देताना विक्रेत्याकडून त्या मातीचाही शिशाचा रिपोर्ट मागा. वाटांवर चार इंच लाकडी भुसा, भिंतीलगतच्या उघड्या पट्टीवरही तोच, आणि तिथे दोरी बांधा. वारा आजूबाजूची धूळ वाफ्यात आणून टाकतो, म्हणून वाफ्यांची वरची माती दर वर्षी तपासायची.

प्रेषक: बालविभाग

पालकांना कळवते: शनिवार ठरल्याप्रमाणे, भरलेल्या वाफ्यातच रोपं, बूट दाराबाहेर. माती भरायला शुक्रवारी संध्याकाळी चार मोठी माणसं हवीत, मुलं नकोत. कोण येतंय?