दोन्ही महायुद्धांतले लढाऊ वैमानिक: कुठून वाचायला सुरुवात करावी?

पश्चिमवारा:
महायुद्धांतल्या हवाई लढायांबद्दल आता नीट वाचायचं आहे. कोणी किती विमानं पाडली याच्या याद्या नकोत. वैमानिक कॉकपिटमध्ये नेमकं काय करत होता, विमान कुठे साथ द्यायचं, कुठे दगा द्यायचं, हे कळेल अशी पुस्तकं सुचवा. इंग्रजी चालेल. भारतीय वैमानिकांवर काही आहे का?

शेपूटपट्टी:
पहिल्या महायुद्धापासूनच सुरुवात करा. विमानं साधी होती, त्यामुळे काय बिघडलं आणि का, ते लगेच समजतं. पहिलं पुस्तक आर्थर गूल्ड ली यांचं 'नो पॅराशूट'. १९१७ मध्ये ४६ स्क्वाड्रनमधून सॉपविथ पप उडवताना लिहिलेली पत्रं आणि डायरी, त्यामुळे नंतरच्या शहाणपणाची भेसळ कमी. पपला एकच विकर्स मशीनगन, समोरच्या जर्मन अल्बाट्रॉस विमानाला दोन. पण पप हलकं असल्याने उंचावर वळताना उंची कमी गमवायचं, आणि त्यावरच वैमानिक तग धरायचे. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट का मिळालं नाही यावरचं परिशिष्ट अजिबात चुकवू नका.

त्यानंतर येट्स यांची 'विंग्ड व्हिक्टरी'. कादंबरी आहे, पण कॅमल विमान यापेक्षा चांगलं कुठे वाचायला मिळणार नाही. कॅमलचं अख्खं इंजिन प्रोपेलरसोबत फिरायचं. उजवीकडे वळताना नाक खाली जायचं, डावीकडे वळताना वर, आणि दोन्ही वेळा रडर (शेपटीचं सुकाणू) डावाच द्यावा लागायचा. उड्डाणानंतर इंधनाचं मिश्रण वेळेवर पातळ केलं नाही तर इंजिन गुदमरायचं, वेग पडायचा आणि विमान गिरकी खात खाली यायचं. जमीन जवळ असल्याने सावरायला उंचीच नसायची. शिकाऊ पोरं अशीच गेली.

ब्रिटिश वैमानिक मॅककडन यांचं आत्मचरित्रही घ्या. ते मुळात मेकॅनिक. उंचावरून टेहळणी करणाऱ्या जर्मन रुम्प्लर विमानाला गाठायला त्यांनी आपल्या एस.ई.५ए विमानाच्या इंजिनात जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन बसवून घेतले होते. जर्मन वैमानिक रिक्टहोफेनचं पुस्तक मात्र १९१७ मध्ये, युद्ध चालू असताना, जर्मन सेन्सॉरच्या हाताखालून निघालंय. प्रचाराचा नमुना म्हणूनच वाचा. या दोन्हींचे हक्क संपलेत, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतील.

मर्लिन६१:
दुसऱ्या महायुद्धासाठी दोन पुस्तकं जोडीने वाचा: जेफ्री वेलम यांचं 'फर्स्ट लाइट' आणि स्टीफन बंगे यांचं 'द मोस्ट डेंजरस एनिमी'. वेलम अठराव्या वर्षी ९२ स्क्वाड्रनमध्ये स्पिटफायर उडवायला लागले, पण पुस्तक आलं २००२ मध्ये. म्हणून अनुभव त्यांच्याकडून घ्या, आकडे बंगेंकडून. ब्रिटनवरच्या हवाई लढाईत १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. खरी साठच्या आसपास. यात लबाडी नव्हती. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या की तिघेही ते आपल्या नावावर धरायचे.

तांत्रिक बाजूला दोन गोष्टी धरून वाचा. स्पिटफायरच्या आठ ब्राउनिंग मशीनगनना प्रत्येकी ३०० गोळ्या, म्हणजे सगळा मारा जेमतेम पंधरा सेकंदांचा. आठही मशीनगनचा मारा सुरुवातीला ४०० यार्डांवर एकत्र यायचा. अनुभवी स्क्वाड्रननी तो २५० वर आणला. दुसरं, नाक झटकन खाली घातलं की स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधलं इंधन वर फेकलं जाऊन इंजिन अडखळायचं. जर्मन मेसरश्मिट १०९ ला कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शन असल्याने ते सरळ सूर मारून निसटायचं. म्हणून स्पिटफायरवाले आधी उलटे होऊन मग खाली खेचायचे. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग यांनी इंधननळीत बसवायची भोकाची चकती काढली, तेव्हा त्रास बराच कमी झाला.

जर्मन लढाऊ वैमानिक गालांड यांच्या आठवणी वाचनीय आहेत, पण बहुतेक दोष हिटलर आणि गोरिंगवर ढकललेले आहेत. जर्मन मेसरश्मिट २६२ जेटचं इंजिन निकेल-क्रोमच्या टंचाईमुळे मुळातच फार थोडे तास टिकायचं, हे विसरू नका. पॅसिफिकसाठी लुंडस्ट्रॉम यांचं 'द फर्स्ट टीम' घ्या. त्यात अमेरिकी आणि जपानी नोंदी समोरासमोर ठेवल्यात.

आडवाटकर:
भारतीय वैमानिकांसाठी हरदितसिंग मलिक यांचं आत्मचरित्र, 'अ लिटल वर्क, अ लिटल प्ले'. २८ स्क्वाड्रनमध्ये ते कॅमल उडवायचे, पगडीवर बसेल असं खास हेल्मेट घालून. इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले आणि त्याच महिन्यात ते गेले. त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलेलं नाही. आपल्या मुंबईचे वेलिणकरही होते: २३ स्क्वाड्रन, डॉल्फिन विमान, जून १९१८ मध्ये मृत्यू. त्यांची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या महायुद्धासाठी सोमनाथ सप्रू यांचं 'कॉम्बॅट लोर'. ब्रह्मदेशात हवेतल्या झटापटींची अपेक्षा ठेवू नका. १९४४ मध्ये इम्फाळला अर्जनसिंगांच्या १ स्क्वाड्रनचं काम मुख्यतः टेहळणीचं. हरिकेन विमानं जोडीने जायची: एक खाली जंगलात बघायचा, दुसरा मागे-वर नजर ठेवत नागमोडी उडायचा.

शेपूटपट्टी:
एक राहिलं. वळणं, उंची आणि वेग यांचा हिशोब डोक्यात बसत नसेल तर रॉबर्ट शॉ यांच्या 'फायटर कॉम्बॅट'ची पहिली दोन प्रकरणं कागदावर आकृत्या काढत वाचा. दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या ब्रिटिश वैमानिकाचं म्हणणं पडताळायचं असेल, तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'एअर २७' मालिकेत स्क्वाड्रनची रोजनिशी आहे. त्यातला फॉर्म ५४१ बघा. विमानाचा नंबर, वैमानिकाचं नाव, उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ त्यात असते.