१९१८ची मानमोडी: गोव्यातले मृत्यू मोजायचे कसे?

सत्तरीकर: १९१०च्या पोर्तुगीज शिरगणतीत गोव्याची लोकसंख्या ४,८६,७५२, १९२१च्या शिरगणतीत ४,६९,४९४. ही १७,२५८ची घट मानमोडीच्या, म्हणजे १९१८च्या इन्फ्लुएंझा साथीच्या, नावावर टाकता येईल का? आणि साथ आली कुठून, आगगाडीने की बोटीने?

दप्तरखाना: नाही, तसं मांडू नका. त्या वजाबाकीत मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेले आहेत, अकरा वर्षांतले जन्म आहेत, बाकीचे सगळे आजारही आहेत. एका तालुक्याची मृत्युनोंदणीची पुस्तकं घ्या. १९१४ ते १९१७, सप्टेंबर ते डिसेंबर, दर महिन्याची सरासरी काढा आणि १९१८च्या त्याच महिन्यातून वजा करा. महिने तेच हवेत, कारण पावसानंतर हिवतापाचे मृत्यू दरवर्षीच वाढतात. तारीख मृत्यूची घ्या, नोंदीची नको. घरातलं माणूस न् माणूस अंथरुणाला खिळलं की नोंद उशिरा होते आणि साथीचं शिखर खोटंच पुढे सरकतं.

कारणाच्या रकान्यावर विसंबू नका. ‘ग्रिप’, म्हणजे इन्फ्लुएंझा, दिसलं तर उत्तम, पण ‘ब्रोंकोन्यूमोनिया’, म्हणजे फुप्फुसाचा दाह, आणि नुसतं ‘फेब्र’, म्हणजे ताप, यांतही तीच साथ लपलेली असते. खरी खूण वय. एरवी तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं जातात. इथे २० ते ४० वयाचा फुगवटा दिसायला हवा.

कुळेघाट: वाटेबद्दल. मुंबईत १० जूनला सात पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला असलेला, तापाने इस्पितळात दाखल झाले, ती पहिली लाट. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद, म्हणजे तेव्हा मुख्य वाट रेल्वेचीच: कॅसलरॉक, कुळे, सावर्डे, मडगाव, मुरगाव. दुसरी लाट सप्टेंबरात उठली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेली. बोटींचा हंगाम तोवर सुरू होतो, आणि चवथही (गणेशचतुर्थी, मुंबईकर गावी येतात ती) त्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास होती. म्हणून आठवड्यागणिक आकडे मांडा. कुळे-मडगाव पणजीच्या आधी चढले तर रेल्वे, पणजी-म्हापसा आधी चढले तर बोट. सत्तरी तालुक्याला घाटवाटही धरा.

दप्तरखाना: एक राहिलं. चर्चच्या दफनवह्यांत फक्त ख्रिस्ती मृत्यू. हिंदूबहुल सत्तरीसाठी सरकारी नोंदणीच लागेल. मुंबईत धोबीतलावच्या कुडांत (गावागावाच्या सामायिक बिऱ्हाडांत) राहणारे गोंयकार गेले ते मुंबईच्या पुस्तकात, आणि ते बहुतेक तरुण पुरुष. त्यामुळे बायकांचा आकडा वेगळा काढा, तो जास्त भरवशाचा. मग साथीनंतर नऊ महिन्यांचे, म्हणजे १९१९च्या जून ते सप्टेंबरमधले जन्म तपासा. तिथे खड्डा दिसला की आदल्या वर्षीचा हिशेब पक्का होतो.