रक्तातली प्रथिने डोळ्यातल्या द्रवात कोणत्या वाटेने येतात?

प्रश्न
ॲक्वस ह्यूमर हा डोळ्याच्या पुढच्या भागातला पाणीदार द्रव सिलियरी बॉडीत, म्हणजे आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) मुळामागच्या कड्यासारख्या ऊतीत, तयार होतो, आयरिसमागच्या कप्प्यात उतरतो आणि बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येतो, असे पाठ्यपुस्तकात आहे. रक्तद्रवात दर मिलिलिटरला सुमारे ७० मिलिग्रॅम प्रथिने असतात. या द्रवात त्याच्या एक टक्क्याहूनही कमी. मग जी थोडी सापडतात, ती द्रव तयार होतानाच त्यात मिसळतात असे समजावे का?

प्रतिसाद १
सिलियरी बॉडीच्या केशवाहिन्यांना सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे प्रथिने तिथल्या ऊतीत सहज झिरपतात. खरा अडसर त्यापुढे, सिलियरी बॉडीवरच्या रंगद्रव्यविरहित पेशीस्तरात आहे, कारण त्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. आयरिसच्या वाहिन्यांच्या भिंतीही अशाच घट्ट आहेत. त्यामुळे आपला तर्क बरोबर वाटतो. थोडी गळती या स्तरातूनच होत असावी.

प्रतिसाद २
पहिला भाग मान्य, निष्कर्ष नाही. १९९० च्या सुमारास थॉमस फ्रेडो आणि सहकाऱ्यांनी सशांच्या डोळ्यांवर केलेल्या अभ्यासात वेगळीच वाट दिसली. सिलियरी बॉडीच्या ऊतीत साठलेली प्रथिने आयरिसच्या मुळाकडे सरकतात, आयरिसच्या ऊतीत शिरतात आणि तिथून थेट पुढच्या कप्प्यात उतरतात. आयरिसच्या मागच्या बाजूला घट्ट जोडलेला पेशीस्तर आहे, पुढच्या बाजूला तसा सलग स्तरच नाही. त्यामुळे मागची वाट बंद आणि पुढची खुली राहते. पुढे माणसांच्या डोळ्यांचे एमआरआय केले, तेव्हा शिरेतून दिलेले गॅडोलिनियम हे एमआरआयमध्ये उठून दिसणारे द्रव्यही पुढच्या कप्प्यात दिसले, मागच्या कप्प्यात नाही. म्हणजे नव्याने स्रवलेला द्रव जवळजवळ प्रथिनरहित असतो आणि प्रथिने त्याला पुढे गेल्यावर भेटतात. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांमध्ये ही वाट क्वचितच काढलेली असते, म्हणून हा गोंधळ होतो.

प्रश्नकर्ता
मग युव्हिआयटिसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहात, स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या झोतात) दिसणारा फ्लेअर, म्हणजे द्रवातला प्रथिनांचा धुकटपणा, याच वाटेने येतो का?

प्रतिसाद २
केवळ याच वाटेने नव्हे. दाहात आयरिसच्या वाहिन्या गळू लागतात आणि सिलियरी पेशीस्तरातले जोडही सैल होतात, त्यामुळे प्रथिने वाढून प्रकाशाचा झोत धुकट दिसतो; फार वाढल्यास फायब्रिन हे रक्त गोठवणारे प्रथिनही साकळते. दाह जुना असेल, तर तो शमल्यावरही वाहिन्या पूर्ववत होत नाहीत आणि फ्लेअर टिकून राहतो. म्हणूनच स्टेरॉइड वाढवायचे की कमी करायचे, हे ठरवताना डॉक्टर फ्लेअरपेक्षा द्रवात तरंगणाऱ्या दाहाच्या (पांढऱ्या) पेशींकडे अधिक पाहतात.