मदत हवी आहे: लाल खूण आलेल्या सीओडी ऑर्डरी पाठवाव्यात का? (सशर्त संभाव्यतेचं गणित)

कापशी_ऑनलाइन

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान आहे. काउंटर बाबा बघतात, ऑनलाइनचं माझ्याकडे. बहुतेक माल सीओडीवर (माल हातात पडल्यावर पैसे) जातो आणि डोकेदुखी तिथेच आहे. लोक हौसेनं ऑर्डर टाकतात, कुरिअरवाला दारात गेला की 'नको' म्हणतात, नाहीतर फोनच उचलत नाहीत. पार्सल फिरून आमच्याकडे. (साईझ बसली नाही म्हणून बदलायला आलेले जोड वेगळे, ते यात धरलेले नाहीत.)

एका कंपनीचं सॉफ्टवेअर सध्या चाचणीपुरतं फुकट चालू आहे. पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर असं बघून ते काही ऑर्डरींवर लाल खूण करतं. आम्ही मुद्दाम काहीच अडवलं नाही, सगळा माल पाठवला. दिवाळीनंतरच्या १००० सीओडी ऑर्डरींचा हिशेब असा: २०० परत आल्या, ८०० पोचल्या. परत आलेल्यांपैकी १६० वर लाल खूण होती, पोचलेल्यांपैकी १२० वर.

म्हणजे लाल खुणेची ऑर्डर परत येण्याची शक्यता १६० भागिले २८०, साधारण ५७ टक्के. कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र ८४ टक्के छापलंय. त्यांचा माणूस म्हणतो, तुमचा डेटा कमी पडतो. पण त्यांची चाचणीही १००० पार्सलांवरच आहे! त्यात ५०० परत आलेली, ५०० पोचलेली. खूण अनुक्रमे ४०० आणि ७५ वर.

८४ खरं की ५७? आणि लाल खुणेवर सीओडी सरळ बंद करावी का? या आठवड्यात पैसे भरायचे की नाही ते सांगायचंय.

हिशेबनीस

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण तुमच्या कामाचा ५७.

सॉफ्टवेअरची कामगिरी दोन्हीकडे अगदी सारखी आहे बघा. परत येणाऱ्यांपैकी ८० टक्के ते पकडतं, तुमच्याकडेही आणि त्यांच्याकडेही. चांगल्या ऑर्डरींपैकी १५ टक्क्यांवर उगाच खूण करतं, तेही दोन्हीकडे. फरक फक्त मुळातल्या प्रमाणाचा. त्यांनी परत आलेली आणि पोचलेली पार्सलं निम्मी निम्मी घेतली, म्हणून ४०० भागिले ४७५, ८४ टक्के. तुमच्याकडे पाचात एकच परत येतं. चांगल्या ऑर्डरी चौपट असल्यामुळे त्यांच्या १५ टक्क्यांचाही ढीग मोठा होतो. 'परत आलेल्यांत खूण किती' आणि 'खूण असलेल्यांत परत किती' हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दोन्हीकडे ८०, दुसऱ्याचं मुळातल्या प्रमाणाप्रमाणे बदलतं, आणि विकणारा मोठा आकडा पुढे करतो. बेझचं सूत्र (लक्षण दिसल्यावर शक्यता किती बदलते ते सांगणारं) पाठ नसलं तरी चालेल, तुम्ही १००० ऑर्डरींचा जो तक्ता मांडलाय तेच ते सूत्र.

खूण नसलेल्या ७२० पैकी फक्त ४० परत आल्यात, साडेपाच टक्के. तेव्हा सॉफ्टवेअर टाकाऊ नाही.

पुणेकर_व्यापारी

५७ म्हणजे निम्म्याहून जास्त. बंद करा आणि सुटा.

हिशेबनीस

अहो थांबा, निम्म्याची रेघ कुठून आली? ती रेघ नफातोट्याने ठरते. कापशीदादा, जोड पोचला तर सुटतात किती आणि परत आला तर जातात किती?

कापशी_ऑनलाइन

पोचला तर सगळं वजा जाता २५० सुटतात. परत आला तर जायचं भाडं, यायचं भाडं, खोका मिळून १६० जातात. पण हे कोरड्या दिवसांतलं. पावसाळ्यात पार्सल कुठल्यातरी गोडाऊनमध्ये आठ-दहा दिवस पडून येतं, खोका मऊ झालेला, पट्ट्यावर पांढरी बुरशी. पुसून, तेल लावून उन्हात ठेवायचं तर ऊन कुठाय? तो जोड काउंटरवर पाडून विकावा लागतो. आणखी १०० धरा, म्हणजे २६०.

हिशेबनीस

मग हे पाहा. लाल खुणेच्या २८० ऑर्डरी पाठवल्या तर १२० जोडांवर ३०,००० मिळाले, १६० जोडांवर २५,६०० गेले. हातात ४,४०० उरले. निम्म्याहून जास्त माल परत येऊनसुद्धा! सीओडी बंद केली असती तर हे गेले असते. पावसाळ्याच्या दराने तोटा ४१,६००, म्हणजे ११,६०० खिशातून.

रेघ काढायची ती अशी: नफा भागिले (नफा अधिक तोटा). परत येण्याची शक्यता रेघेच्या वर गेली तर पाठवण्यात तोटा. कोरड्या दिवसांत २५० भागिले ४१०, ६१ टक्के. पावसाळ्यात २५० भागिले ५१०, ४९ टक्के. तुमचे ५७ बरोबर मध्ये बसतात. तेव्हा उत्तर एक नाही, मोसमावर आहे. माल परत येण्याचं मूळ प्रमाण बदललं तर ५७ सुद्धा हलेल, तेवढं ध्यानात ठेवा.

कापशी_ऑनलाइन

हे भारी आहे! आता पुढचं. वहिनी माल पाठवण्याआधी प्रत्येकाला फोन करते आणि वहीत टिपते. ज्यांनी उचलला नाही त्या १८० ऑर्डरी, त्यातल्या ८१ परत आल्या, ४५ टक्के. लाल खूण ५७, फोन ४५. दोन्ही असेल तर किती? गुणायचं का?

संख्याशास्त्र_ताई

नुसते गुणलेत तर २६ टक्के येतील, म्हणजे दोन वाईट लक्षणं मिळून ऑर्डर सुधारली! एकेका लक्षणाने 'परत : पोचली' हे गुणोत्तर किती पट वाढतं ते गुणायचं असतं. तुमचं मूळ गुणोत्तर १:४. लाल खूण ते ५.३ पट करते (१६०:१२०), न उचललेला फोन ३.३ पट (८१:९९). दोन्ही मिळून ८१ टक्क्यांच्या आसपास. पण हे खरं केव्हा, तर दोन्ही लक्षणं एकमेकांशी संबंध नसलेली असतील तेव्हा. इथे तसं वाटत नाही. सॉफ्टवेअर मोबाइल नंबर बघूनही खूण करतं ना? संशयास्पद नंबरवाला फोनही उचलणार नाही. एकच माहिती दोनदा मोजली जाईल.

तुमच्याकडे वही आहे तर सूत्र कशाला? लाल खुणेच्या २८० ऑर्डरी फोनप्रमाणे वेगळ्या करा आणि मोजा.

कापशी_ऑनलाइन

मोजलं. लाल खूण आणि फोन उचलला नाही अशा ९०, त्यातल्या ६० परत, ६७ टक्के. लाल खूण पण फोन उचलला अशा १९०, त्यातल्या १०० परत, ५३ टक्के.

संख्याशास्त्र_ताई

बघा, ८१ नाही, ६७. मात्र ९० ऑर्डरी थोड्या आहेत. खरा आकडा ५७ ते ७७ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. कोरड्या दिवसांची रेघ ६१ वर आहे, तेव्हा त्या गटाबद्दल आत्ताच छातीठोक बोलू नका. ५३ वाला गट कोरड्या दिवसांत पाठवत राहा. पावसाळ्यात तोही ४९ च्या वर जातो, पण थोडक्यात.

आणि बंद किंवा चालू एवढेच पर्याय नाहीत. यूपीआयने १०० रुपये आगाऊ मागून बघा. सगळ्यांना नको. लाल खुणेच्या ऑर्डरींत नाणं उडवून निम्म्यांना मागा, निम्म्यांना नेहमीसारखं पाठवा. चांगली गिऱ्हाइकं त्यामुळे किती गळतात, ते घरबसल्या गणितातून निघणार नाही.

कापशी_ऑनलाइन

ठरलं. पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा जूनपासून लाल खूण आणि फोन नाही, तर सीओडी नाही. बाकी लाल खुणेवर नाणं. बाबा म्हणतात नाणं कशाला, ऑर्डर नंबर सम-विषम बघ. चालेल ना ताई?

संख्याशास्त्र_ताई

चालेल. नंबर ओळीने पडत असतील आणि वहिनींनी मध्येच कुणाला 'ओळखीचे आहेत' म्हणून सूट दिली नाही, तर.