पार्वो व्हायरस आहे तर अँटिबायोटिक कशाला? आणि पेशीला आत चोर शिरलेला कळत नाही का?

कसबा_बावडा_एक्सप्रेस
मंडळी नमस्कार, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या घरात कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आलंय, वाघ्या, वय सव्वादोन महिने. गेल्या सोमवारी सकाळी बघतोय तर पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलंय, नाक पाण्याला टेकतंय पण पीत नाही. दुपारपर्यंत चार उलट्या, रात्री रक्ताची हगवण आणि तो वास, ज्यानं एकदा घेतलाय त्याला सांगायला नको. दवाखान्यात किटवर पार्वो पॉझिटिव्ह आला. रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी ९००, डॉक्टर म्हणाले निदान ६,००० तरी पाहिजेत. सलाईन, उलटीचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक चालू केलं. आज सहावा दिवस, काल रात्री पहिल्यांदा दोन चमचे पेज पोटात टिकली, म्हणून आता जरा डोकं चालायला लागलंय.

तर डोक्यात किडा असा की अँटिबायोटिकनं व्हायरस मरत नाही हे शाळेतलं पोरगं पण सांगतंय, मग ते कशाला देतात? आणि दोन वर्षामागं आमचा आधीचा कुत्रा डिस्टेंपरनं गेला, त्याला ताप आला, उतरला, पंधरा दिवस बरा होता आणि मग जबडा चावल्यागत झटके सुरू झाले. हा मात्र एका दिवसात आडवा. दोन्ही व्हायरसच, मग एवढा फरक कसा, आणि शरीराच्या पेशीला आत कोण शिरलंय ते कळतच नाही का? डॉक्टरना विचारलं तर बाहेर वीस जणं बसलेली, म्हणाले आधी पिल्लू वाचवूया, मग बोलू. त्यांचं पण बरोबरच आहे म्हणा.

आणि हो, पंचेचाळिसाव्या दिवशी एक सुई झाली होती. तरी झालं.

मिसळ_एक्स्ट्रा_कट
भावा हळद घालून ताक पाज, आमच्या गल्लीतलं एक असंच उठलेलं. इंग्लिश औषधाचा नाद सोड.

शिरवळ_रिटर्न
@मिसळ, उलट्या चालू असलेल्या पिल्लाच्या तोंडात ताक ओतलं की ते फुफ्फुसात जाऊ शकतं, हे कृपा करून कुणाला सांगू नका. तुमच्या गल्लीतलं उठलं ते ताकामुळं नाही, ताक असूनसुद्धा उठलं.

एक्सप्रेस भाऊ, मी जनावरांचा डॉक्टर आहे, अँटिबायोटिकचं सांगतो. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बोटासारखे उंचवटे असतात, अन्न तेच शोषतात. त्यांच्या पेशी चार-पाच दिवसात झडतात आणि बुडाशी जे खळगे असतात तिथून नवीन पेशी वर सरकत येतात. पार्वो त्या खळग्यातल्या पेशीच मारतो. म्हणजे जुन्या झडायच्या त्या झडतात, नवीन येत नाहीत, आणि आतडं आतून सोललं जातं. मग आतड्यात एरवी गुण्यागोविंदानं राहणारे जंतू, म्हणजे बॅक्टेरिया, थेट रक्तात उतरतात. त्यात ह्याच व्हायरसनं हाडांच्या मगजातल्या पेशी पण मारलेल्या असतात, म्हणून तुमचे ते ९००. भिंत पडलेली आणि राखणदार पण नाहीत. पिल्लू बऱ्याचदा मरतं ते पाणी कमी पडून आणि ह्या जंतूंनी रक्त नासून. अँटिबायोटिक त्या जंतूंसाठी आहे, पार्वोसाठी नाही.

सुईचं म्हणाल तर आईच्या चिकातून पिल्लाला अँटिबॉडी मिळतात, त्या लसीतल्या व्हायरसला पण पकडतात. हळूहळू त्या कमी होत जातात आणि मधे काही दिवस असे येतात की लस मारण्याइतक्या शिल्लक असतात पण रस्त्यावरचा पार्वो अडवण्याइतक्या नसतात. कुठल्या पिल्लाचे ते दिवस कधी येतील सांगता येत नाही. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी सुई परत परत द्यायची आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. एका सुईवर थांबायचं ही आपल्याकडची मोठी खोड आहे, सुईवाला पण सांगत नाही आणि घेणारा पण विचारत नाही.

पेशीपुराण
चोर कळत नाही का, ह्यावर मी लिहितो, माझं रोजचं काम पेशी वाढवायचं आहे.

कळतं हो. पेशीत आरआयजी-आय, एमडीए-५ अशी राखणदार प्रोटीनं असतात, व्हायरसचा आरएनए हाताला लागला की ती ओरडतात. मग पेशी इंटरफेरॉन सोडते. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन ह्या दोघांनी ते शोधलं. इंटरफेरॉन म्हणजे बोंब समजा. ज्या घरात चोर शिरला ते घर बहुतेक जातंच, पण बोंब ऐकून शेजारचे कड्या लावून घेतात. शेजारच्या पेशीत ती बोंब आतपर्यंत, म्हणजे केंद्रकापर्यंत पोचवायला स्टॅट-१ आणि स्टॅट-२ नावाचे निरोपे असतात. निरोप पोचला की शेकडो बचावाचे जीन चालू होतात.

आता डिस्टेंपर काय करतो बघा. हा आपल्या गोवरचा भाऊबंद. त्याचं व्ही नावाचं प्रोटीन ह्या निरोप्यांनाच धरून ठेवतं. बोंब ऐकू येते पण निरोप आत जात नाही, कड्या उघड्याच. एमडीए-५ ला पण तेच प्रोटीन गप्प करतं. मला ह्यात भारी वाटतं ते हे की व्हीसाठी व्हायरसकडं वेगळा जीनच नाही, पी नावाच्या जीनची नक्कल काढताना तो मधेच एक अक्षर जादा घुसवतो, तिथून पुढची ओळच वेगळी वाचली जाते आणि दुसरं प्रोटीन तयार. एवढासा जीव, पण कागद वाया घालवत नाही.

वर हा शिरतो कुठं, तर रोगाशी लढणाऱ्या पेशींमध्येच. त्यांच्या अंगावर स्लॅम नावाची खूण असते, तीच धरून तो आत शिरतो. म्हणजे पोलिसांच्याच गाडीत बसून गावभर फिरायचं. तुमचा आधीचा कुत्रा पंधरा दिवस बरा दिसला त्या काळात तो मेंदूत पोचत होता. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले तेव्हा हाच सापडला होता, नुसता कुत्र्यांचा म्हणून नाव पडलंय इतकंच.

पार्वोचा कारभार वेगळा. अख्ख्या जिनोमची, म्हणजे त्याच्या पूर्ण पोथीची, लांबी पाच हजार अक्षरांच्या आसपास, डिस्टेंपरच्या एक तृतीयांश. डीएनएची नक्कल काढायचं यंत्र पण स्वतःचं नाही. तो बोंब दाबायच्या भानगडीत फार पडण्यापेक्षा बंद डब्यातनं, म्हणजे स्वतःच्या कवचातनं, गुपचूप केंद्रकापर्यंत जातो, त्यामुळं वाटेत राखणदाराच्या हाताला लागेल असं फार काही सांडत नाही. आत जाऊन काय करतो, तर वाट बघतो. लग्नघरात आगाऊ येऊन बसलेला पाहुणा असतो ना, तसा. पेशी स्वतः दुप्पट व्हायला निघाली, आचारी आले, चुली पेटल्या, की हा त्याच चुलीवर आपली पंगत उठवतो. म्हणून ज्या पेशी सारख्या वाढतात त्याच त्याला लागतात, आतड्यातले खळगे आणि हाडांचा मगज. अगदी तान्ह्या पिल्लाचं हृदय वाढत असतं म्हणून त्यांच्यात हृदयावर पण जातो. शिरायचा दरवाजा पण बघा, ट्रान्सफेरिन रिसेप्टर, म्हणजे पेशी रक्तातलं लोह आत घेते ती खिडकी. वाढणाऱ्या पेशीला लोह जास्त लागतं, म्हणून तिथं खिडक्या पण जास्त.

मांजरात असाच एक व्हायरस आधीपासून होता, त्याच्या कवचात थोडेसेच बदल झाले आणि त्याला कुत्र्याची खिडकी उघडता यायला लागली. १९७८ मध्ये जगभर एकदम साथ आली ती अशी.

जुना_कुत्रेवाला
लई भारी लिव्हलंय. माझ्याकडं तीस वर्षं कुत्री हायत, पार्वोत पाच गेली, कारण आज कळतंय. एक इचारतो, पिसाळतंय त्यात पण हीच बोंब-बिंब असती का?

पेशीपुराण
असते, काका. रेबीजचं पी प्रोटीन दोन्ही करतं, बोंब उठू देत नाही आणि उठलीच तर निरोप्या अडवतं. शिवाय तो मज्जातंतूच्या पेशीला लगेच मारत पण नाही, तीच त्याची वाट असते. चावल्याजागेपासून मेंदूपर्यंत जायला वेळ लागतो म्हणून तर आपल्याला सुई घ्यायला सवड मिळते. चावलं की साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सुई, ह्यात चालढकल नको.

मिसळ_एक्स्ट्रा_कट
ताकाचं मागं घेतो. पण मग इंटरफेरॉनच बाहेरनं टोचलं तर?

शिरवळ_रिटर्न
प्रश्न चांगला टाकलासा. युरोपात मांजराचं इंटरफेरॉन ओमेगा पार्वो झालेल्या कुत्र्यांना द्यायला परवानगी आहे. पण सलाईन, उलटी थांबवणं आणि लवकर थोडंथोडं खायला घालणं, ह्याच्यावरच आजही बरीच पिल्लं उठतात.

एक्सप्रेस भाऊ, घर कशानं पुसताय? पार्वोला चरबीचं आवरण नसतं, म्हणून साबणाला तो दाद देत नाही आणि फिनेलला तर नाहीच. जमिनीत महिनोन्महिने टिकतो. आधी घाण पूर्ण काढा, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, आणि फरशी दहा मिनिटं ओली राहू दे. डिस्टेंपर त्या मानानं नाजूक, साबणानं फुटतो. भांडी, गादी, चपला सगळं बघा, दुसरं पिल्लू सगळ्या सुया झाल्याशिवाय आणू नका.

कसबा_बावडा_एक्सप्रेस
सगळ्यांचे आभार. अपडेट: आज पांढऱ्या पेशी ४,२००, सकाळी उकडलेल्या चिकनचं पाणी प्यायला आणि भांडं पालथं केलं. डॉक्टर म्हणाले अजून दोन दिवस बघू.

सहा दिवस फिनेलनंच पुसत होतो, अर्धी बाटली उरलीय ती आता बाथरूमला. आज ब्लीचनं सगळं धुतलं, अंगण पण.

जुना_कुत्रेवाला
आन चपला?

कसबा_बावडा_एक्सप्रेस
बुडवल्या की. कोल्हापुरी होत्या, तीन महिन्यामागं घेतलेल्या, पांढऱ्या पडल्या.